खळ्यावरचा पाढा

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पलीकडे, गाडीवाट संपते तिथल्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि माझं लग्न व्हायचं होतं. शाळा म्हणजे देवळामागची पडवी. एक फळा, एक घंटा आणि पाढे. पोरं पाढे इतक्या जोरात म्हणायची, की वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, शाळा भारी चालली आहे. पण त्यातल्या एखाद्याला थांबवून विचारलं, की बे पंचे दहा म्हणजे नेमकं काय, तर तो पुन्हा बे एके बेपासून सुरू करी.

मला ते बघवेना. मी पोरांना चिंचोक्यांवर बेरजा शिकवू लागलो. ज्वारीच्या धांड्यानं पडवी मोजून घेतली. मडक्याला भोक पाडून पाणी किती वेळात गळतं ते बघत बसलो. हिंगोलीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून जुनं भिंग विकत आणलं. त्यातून मुंगीचे पाय पाहिले तेव्हा पोरांमध्ये जी शांतता पसरली, तशी छडीनं कधी पसरली नव्हती.

त्या पोरांत एका धनगराची मुलगी होती. आठ-नऊ वर्षांची असेल. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची आणि तो झोपला की पुढं सरकून बसायची. एक दिवस तिनं विचारलं, दूध जड की पाणी जड? तिच्या आजीचं म्हणणं होतं, दूध जड. बापाचं म्हणणं होतं, दोन्ही सारखंच. मी म्हणालो, तोलून पाहू. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की तोलायला माझ्याजवळ काहीच नाही. वाण्याच्या तराजूत एका दाण्याचाही फरक कळत नव्हता. नाजूक पितळी तराजू पाहिजे होता, बारीक वजनं पाहिजे होती, तापमापी पाहिजे होती.

मी तालिमात खात्याकडे, म्हणजे शिक्षणखात्याकडे, उर्दूतून दरखास्त दिली. कित्येक महिन्यांनी तपासनीस आले. त्यांनी पोरांकडून पाढे म्हणवून घेतले, चहा घेतला आणि घोड्यावर बसता बसता हसून म्हणाले, की मदरशात तराजूचं काय काम, पोरांना दुकान टाकायचं आहे का? दरखास्तीचं पुढं काही झालं नाही.

मग गावातले मालकच उरले. अर्धं शिवार त्यांचं होतं. सगळे त्यांना मालकच म्हणत. माणूस कंजूष नव्हता. उरुसाला, सप्त्याला, कुस्त्यांना हात सैल सोडी. पण मागणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात त्यांना गोडी वाटे. पहिल्यांदा गेलो तर दुपारपर्यंत ओट्यावर बसवून परत पाठवलं. दुसऱ्यांदा सगळं ऐकून घेतलं आणि पाहुण्यांसमोर माझ्याकडून एक अभंग म्हणवून घेतला. तिसऱ्यांदा म्हणाले, "मास्तर, पोरं काय शिकून राहिली ते दाखवा तरी. उद्या खळ्यावर घेऊन या समद्यायला."

सुगी चालू होती. खळ्यावर ज्वारीची रास पडली होती, बाजांवर शहरातले पाहुणे बसले होते. एका कडेला त्या मुलीचा बाप उकिडवा बसला होता. त्याची मेंढरं मालकांच्या शेतात खतासाठी बसायला होती आणि धसकटावर चरत होती. मालकांनी नाही म्हटलं असतं तर उन्हाळाभर त्याला दुसरं रान नव्हतं.

पोरांनी धांड्यानं रास मोजली. एकानं सावलीवरून वेळ सांगितली. पाहुणे माना डोलवत होते. मला वाटलं, काम झालं. मग त्या मुलीनं भिंगानं ऊन गोळा करून कापसाच्या बोंडावर धरलं. धूर निघाला, कापूस पेटला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मालक बाजेवरून उठले. त्यांनी भिंग मागून घेतलं, आपल्या पंच्याच्या टोकावर धरून पाहिलं, एक काळं भोक पडलं ते निरखलं. मग मुलीला म्हणाले, हात पुढं कर. तिनं केला. तिला वाटलं असेल, हातावरच्या रेषा बघायच्या आहेत.

"मास्तर," मालक म्हणाले, "तुमची पोरं बेचा पाढा म्हणतीन. तो सरेपोवतर हिनं हात न्हाई हलवला, तर जे पाहिजे ते देतो. हिंगोलीच्या माझ्या अडत्याकडं जायचं, मागायचं, आणायचं."

मी म्हणालो, लेकराचा हात भाजेल. माझ्या हातावर धरा.

"तुमचा हात काय करू? तो खडू धरायला लागतो." पाहुणे हसले. मालकांनी मान वळवून तिच्या बापाला विचारलं, "काहून रं, मेंढरं डागतो का न्हाई तू?"

बाप म्हणाला, "डागतो मालक."

"मग?"

बापानं मान खाली घातली. त्याच्यापुढं उन्हाळा होता आणि मेंढरं होती.

मालकांनी पोरांना दटावलं तेव्हा पाढा सुरू झाला. बे एके बे. तिच्या तळहातावर उन्हाचा एक मणी उभा राहिला. बे दुणे चार. तिचा खांदा वर चढला. बे त्रिक सहा. तिनं दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरलं. बे पंचे दहा. मला कातडीचा वास आला. मी पुढं झालो आणि ऊन आणि भिंग यांच्यामध्ये उभा राहिलो. माझी सावली तिच्या हातावर पडली आणि मणी विझला.

मालक रागावले नाहीत. ते हळूच म्हणाले, "डाव मोडला तुमी, मास्तर. आता पयल्यापासून."

मी मुलीला म्हणालो, चल, घरी जायचं. मी तिच्या दंडाला धरलं. तिनं माझा हात सोडवला.

"गुरुजी, बाजूला व्हा," ती म्हणाली. "अर्धा झाला हाय."

मी तरी हललो नाही. दोघा गड्यांनी मला धरून राशीपलीकडं नेलं. तिथून मला फक्त पाढा ऐकू येत होता. या वेळी पोरं धावत सुटली. आकडे एकमेकांवर पडत होते, शब्दांची माती होत होती. त्यांना लवकर वीसपर्यंत पोचायचं होतं. मालक म्हणाले, "सावकाश, बराबर म्हणा. न्हाईतर पुन्यांदा." आणि माझी पोरं, ज्यांना मी पाढे घोकण्यातून सोडवायला निघालो होतो, एकेक आकडा स्पष्ट म्हणू लागली. काही रडत म्हणत होती.

तिनं हात हलवला नाही.

मालकांनी शब्द पाळला. त्याचं मला अजून नवल वाटतं. चारच दिवसांत अडत्याचा माणूस गाडीतून पितळी तराजू, वजनांची पेटी, तापमापी, इतकंच काय, मागितला नव्हता तो लाकडी ठोकळ्यांचा संचही घेऊन आला. पोरं पेटीभोवती जमली, पण कोणी हात लावेना. मी स्वतः दूध आणि पाणी सारख्या मापानं घेऊन तोललं. दुधाचं पारडं जरासं खाली गेलं. ज्या मुलीनं विचारलं होतं, ती शाळेत आलेली नव्हती.

संध्याकाळी मी मेंढरांच्या वाड्यावर गेलो. तिच्या हाताला हळद आणि तेलाची चिंधी बांधलेली होती. चिंधीतून पाणी येत होतं. ती तापानं झोपली होती. मी बापाला म्हणालो, हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊ, मी सोबत येतो. तो मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"तुमी मधी आले नसते, तर एकडावच भाजलं असतं," तो म्हणाला.

खरं होतं ते. मी तराजू आल्याचं सांगितलं, कशासाठी ते मलाही कळलं नाही.

"तोला तुमी काय तोलायचं ते. आमचं लेकरू तोलून झालं."

दोन दिवसांनी वाडा उठला. मेंढरं कयाधू नदीच्या अंगानं निघून गेली.

पुढं तपासनीस पुन्हा आले. वस्तू पाहून खूश झाले. मालकांच्या दातृत्वाबद्दल त्यांनी शेऱ्यात चार ओळी लिहिल्या आणि पडवीच्या भिंतीवर मालकांचं नाव रंगवायला मला सांगितलं. मी रंगवलं नाही. मालकांनी गड्याकडून रंगवून घेतलं. खळ्यावरची गोष्ट ते स्वतःच पाहुण्यांना सांगत, हसत, कौतुकानं: काय धीराची पोरगी होती. वर्ष संपायच्या आत माझी बदली कळमनुरीकडं झाली. वस्तू तिथंच राहिल्या. माझ्या जागी आलेल्या मास्तरांनी त्या खराब होऊ नयेत म्हणून कुलपात ठेवल्या, असं कळलं.

निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यानंतर वारंगा फाट्याला मला त्या मुलीच्या बापाच्या मेंढवाड्यातला एक धनगर भेटला. घोंगडी विकायला बसला होता. मी मुलीची चौकशी केली. तो म्हणाला, लगीन झालं होतं. पण बोटं आत वळली होती, मूठ उघडत नव्हती. खुरपं धरता येईना, भाकर थापता येईना. सासरच्यांनी दोन सुग्या वाट पाहिली आणि आणून सोडली. आता बापाजवळच असते.

मी विचारलं, करते काय?

"मेंढरं मोजते," तो म्हणाला. "मोजायला तिच्यावाणी कोनी न्हाई."

आणि त्यानं घोंगडीचा भाव सांगितला.