मिनिटाला शंभर शब्द

शॉर्टहँडची एक मोठी गोची आहे. ते एकट्यानं शिकता येत नाही. समोर कोणीतरी घड्याळ लावून वाचायचं आणि आपण पेन्सिलीच्या रेघोट्या ओढत त्याच्या मागे धावायचं. आर्णीत मी आणि माझी मैत्रीण एकमेकींना वाचून दाखवायचो. मिनिटाला ऐंशी शब्दांची परीक्षा दोघींनी एकदमच काढली. मग तिचं लग्न झालं, ती वणीला गेली आणि मी ऐंशीवरच बसले. स्टेनोच्या जाहिरातीत मात्र शंभर मागायचे. मला ती नोकरी पाहिजे होती आणि आर्णीतून निघायचं होतं. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

घरात वाचता येणारं दुसरं माणूस एकच, माझे बाबा. सातवी शिकलेले, कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं आणि जिनिंग बंद पडलं, ते दोन हंगाम उघडलंच नाही. बाबा दिवसभर ओसरीत बसून असायचे. कोणी हाक मारली तर मान हलवायचे, बस. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, मले पेपर वाचून दाखवता का?"

"मले कुठं येते तसं वाचता?" असं म्हणाले खरे, पण लगेच चष्मा पुसायला घेतला.

रोज दुपारी चारला आम्ही बसायचो. मी पेपरात दर पंचवीस शब्दांवर पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. एका खुणेपासून दुसरीपर्यंत बाबांनी पंधरा सेकंदांत पोचायचं. कापसाची बातमी आली की ते पान उलटायचे. म्हणून आमच्या वाट्याला धरणं, रस्ते आणि दिल्लीचं राजकारण. दिवसभरात आम्हा बापलेकीत तेवढंच बोलणं व्हायचं आणि तेही अग्रलेखातलं. आधी फार अडखळायचे. मी चिडायची, "बाबा, पटापट वाचा ना!" पण दोन-तीन महिन्यांत ते बरोबर खुणेवर यायला लागले आणि मी शंभरचा फॉर्म भरला.

परीक्षा यवतमाळला होती. वाचणाऱ्यानं सुरू केलं आणि पहिल्याच स्वल्पविरामाला माझा हात थांबला. मी थांबवला नव्हता, आपोआप थांबला. बाबांनी उभं आयुष्य रुईचा धुरळा खाल्लेला. स्वल्पविराम आला की ते दम घ्यायचे आणि मग पुढचं भराभर वाचून खूण गाठायचे. माझा हात तेच शिकला होता. तो त्यांच्या दमासाठी थांबला आणि समोरचा माणूस पुढे निघून गेला. पाच शब्द गेले. पुढच्या स्वल्पविरामाला पुन्हा तेच. अर्ध्यातच मला कळलं, आपलं काही खरं नाही.

घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि ओरडले, "तुमच्या दमापायी गेली माही परीक्षा!"

"काय बोलून राह्यली तू बापाले?" आई धावत आली. बाबा उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजले तेव्हा ते बाहेर निघून गेले होते.

मग मी रेडिओ धरला. बातम्या देणारी बाई छान बोलायची, पण ती मागे वळून बघणार थोडीच. लिहिलेलं चूक की बरोबर, ते पडताळायला हातात कागद नसायचा. कधी वाटायचं नव्वद झाले. लिहिलेलं उलगडून वाचायला बसलं की निम्मं लागायचंच नाही, येरे माझ्या मागल्या, ऐंशीच. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "अजून किती शिकतं वं?" आई म्हणायची, "ऐंशी काही कमी हाय का?" मैत्रिणीला पत्र टाकलं, तर उत्तरात लेकराचे दात. एवढं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. रडायची, आणि रडून झालं की पुन्हा पेन्सिल छिलायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी मी खुणा केलेला पेपर बाबांच्या बाजूला ठेवला आणि वही घेऊन बसले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी इचार केला त्याचा," ते म्हणाले. "मी थांबलो त तू थांबू नको. मांगचे दोन शब्द पुन्हा लिहत राह्य. मशीन खाली, बिनकापसाची फिरली तरी चालते, बंद नाही पडली पाह्यजे."

म्हणजे इतके महिने ओसरीत बसून हा माणूस माझ्या हाताचा विचार करत होता. मला फार लाज वाटली, पण बोलले फक्त, "वाचा."

हाताची सवय मोडायला वर्ष गेलं. दोन पावलं पुढं, एक मागं. मध्ये एकदा पुन्हा नापास झाले. त्यावेळी ओरडले नाही. बाबाच म्हणाले, "चाल, बस." आणि तिसऱ्या खेपेला निघाली परीक्षा.

निकाल घेऊन मी पळतच घरी आले. "बाबा, शंभर झाले!"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले! मग त्यांनी विचारलं, "मंग आता वाचा लागत नाही?"

"नाही ना! सुटले तुम्ही," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मी आईला सांगायला आत पळाले.

पुढच्याच महिन्यात मला नागपूरला नोकरी लागली. शंभरच्या पुढे एकशेवीसची परीक्षा असते. मला ते माहीत होतं. बाबांना सांगायचं मात्र सुचलं नाही.