ज्याने त्याने आपलं झोपावं

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं एक यंत्र आम्ही बनवत होतो. आगपेटीएवढं. बॅटरी आठवडाभर टिकायला हवी, म्हणून आतल्या भागांना सतत झोपवावं, म्हणजे बंद ठेवावं लागे. कुणी कधी झोपायचं, यावर मी आणि माझी वरिष्ठ महिनाभर भांडत होतो. माझं म्हणणं, ज्याला काम नाही त्याने आपलं झोपावं, कुणाला विचारू नये. तिला सगळ्यांवर नजर ठेवणारा एक कारभारी हवा होता. तो कारभारी स्वतःच बॅटरी खाईल, हे मी तिला पन्नासदा सांगितलं असेल. ती तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. म्हणाली, "सरी मा, असू दे. सगळे आपापले निजले, तर निजले म्हणून सांगणार कोण?"

मी हट्टाला पेटले. माझ्या पद्धतीचं यंत्र थेट माझ्या बाबांच्या गळ्यात घातलं. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा, आई गेल्यापासून याच शहरात, तिरुवल्लिकेणीच्या घरात एकटेच होते.

शुक्रवारी दुपारी मी नोंदी पडद्यावर लावल्या. पाच दिवस झाले तरी बॅटरी जवळजवळ भरलेली. मला हसू आवरेना. वरिष्ठ मात्र उठून पडद्याजवळ गेली. पावलं मोजणारा भाग रोज नीट जागा झाला होता. मायक्रोफोन फक्त घालणाऱ्याच्या आवाजाने जागा होतो. तो सोमवारी मी यंत्र घालून निघाल्यापासून एकदाही उठला नव्हता.

"बिघडला असेल," मी म्हणाले.

"बिघडला नाही मा. घरात माणूस चालतो आहे. बोलत नाही."

तेवढ्यात नवी ओळ उमटली. चौदा पावलं. मी बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, आणि पडद्यावर पावलं थांबली. कुणीही फोन उचलला नाही.

बाबांकडे जाताना रिक्षातून पुण्याला भावाला फोन केला. "तू तिथेच आहेस ना? मला वाटलं, तू रोज बोलतेस," तो म्हणाला. बाबांची कामवाली गावी गेली होती, तेही त्याच्याकडूनच कळलं. मी? मी रोज सकाळी बॅटरी बघत होते. ती छान होती, म्हणून बाबाही छान असतील असं धरून चालले होते. मला माझी लाज वाटली.

माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. टीव्ही बंद, पंखा बंद. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांचे ओठ हलले, पण नुसती हवाच बाहेर आली.

"बाबा, फोन का नाही घेतला?"

त्यांनी घसा खाकरला. गळ्यातल्या यंत्रावर मायक्रोफोनचा हिरवा दिवा लागला.

"घेणार होतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण आवाज निघेल की नाही, याची भीती वाटली."