दुपारी धुतलेला उंबरा

नवरा मारला गेला आणि मारणारा सापडला नाही, तर 'बायकोला ठाऊक असणारच' असं तुम्हीही कधी म्हणाला आहात का?

चारचौघांत म्हणाला नसाल. टपरीवर चहा घेताना, पंगतीत शेजारच्याच्या कानात. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत ते असंच बोललं जातं.

आमच्या समोरच्या घरातले काका त्यांच्याच दारात मारले गेले. भरदुपारी कुणीतरी आलं, उंबऱ्यावरच त्यांच्या पोटात सुरा खुपसला आणि निघून गेलं. गल्ली तेव्हा जेवून आडवी झाली होती. कुणी मारलं, का मारलं, आजवर कळलेलं नाही.

मला मात्र काका आठवतात ते त्याच दारापुढच्या ओट्यावर, कपाळावर चष्मा चढवून बसलेले. माझे बाबा कामगार चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली. गुलमंडीजवळच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, शाईचा वास घरभर, आणि घड्या घालायला आमच्या दोन खोल्यांत जागा नसायची. म्हणून मी गठ्ठा उचलून समोरच्या ओट्यावर जायचे. शहाबादी फरशीचा रुंद ओटा, उन्हाळ्यातही गार. काका कंपनीतून रिटायर झालेले. ते माझ्यासोबत घड्या घालायचे, नखानं कड दाबून.

"काय गं पुढारीण, आज कुणाचा धिक्कार?"

"पाणीपट्टीचा, काका."

"बरोबर हाय. पाणी येत नाय, पट्टी मातर टायमावर येती." मग ते पत्रक मोठ्यानं वाचायचे आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "तुझ्या बापाला सांग, एवढे धिक्कार टाकल्यावर वाचणाऱ्याला धाप लागती. मधी एखादा स्वल्पविराम तरी टाक म्हणावं."

आतून काकू ओरडायच्या, "लेकराला च्या तरी पिऊ द्या, व्याख्यान मागून!"

काकांनी मला एक शिस्त लावली. "पत्रक दाराखालून सरकवायचं नाय. हातात द्यायचं, डोळ्यात बघून. सरकवलेलं पत्रक बाई चुलीत घालती." मी आजही तसंच वाटते.

आमच्या गल्लीत आणखी एक रीत होती. कुणी गावाला गेलं की त्यांचा उंबरा शेजारणीनं धुवायचा. पाणी बरेच दिवस न आल्यामुळे पिंपाचा तळ दिसत असला, तरी गावाला गेलेल्या घराचा उंबरा कोरडा राहायचा नाही. आमचा उंबरा शेजारच्या खालांनी कितीदा तरी धुतलाय, आणि वर चिमूटभर रांगोळीही ओढलीय. "रांगोली टेढी हुई तो बोलना नक्को," असं आईला बजावून.

त्या दिवशी काकू सोयगावला बहिणीकडे गेल्या होत्या आणि दुपारच्या एसटीनं परत निघाल्या होत्या. काका दारात पडलेले आधी खालांना दिसले. माणसांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जीव आहे असं वाटलं होतं. मागं राहिल्या आई आणि खाला. समोर लाल झालेला उंबरा, आणि काकू केव्हाही स्टँडवरून येतील. दोघींनी विचार केलाच नाही. पिण्याचं म्हणून भरून ठेवलेलं पाणी बादलीनं ओतलं, खराट्यानं घासलं, फिनेल टाकलं. पोलीस आले तेव्हा फरशी ओली होती. काकू आल्या तेव्हाही ओलीच होती.

"भरदुपारी उंबरा कोण धुतं?" हवालदारानं विचारलं.

आई खालांकडे हात करून म्हणाली, "मी. आणि ह्यांनी."

खाला रडत म्हणाल्या, "भाभी बस में थी साब. उनकू ये दिखाते क्या?"

जबाब झाला, सह्या झाल्या. पुरावा पाण्याबरोबर गटारीत गेला होता. पण आमच्या भागातल्या तोंडांनी त्यातलं एकच उचललं: उंबरा धुतला होता. कुणी, ते वाटेत गळून गेलं. टपरीपर्यंत पोचेस्तोवर तो काकूंनीच धुतला होता. सोयगावला त्या ठरवूनच गेल्या होत्या. काकांनी दार उघडलं, म्हणजे मारणारा ओळखीचा, म्हणजे घरातूनच कुणीतरी धाडलेला!

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काकांनी दार 'उघडलं'? दिवसा त्यांचं दार कधी बंद होतं? भंगारवाला, पत्ता विचारणारा, पाणी मागणारा, सगळ्यांना ते "या" म्हणायचे. "कोण?" असं विचारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

कुणी प्लॉटचा वाद म्हणतं, कुणी कंपनीतलं जुनं भांडण. काही जणांनी खालांच्या नातेवाइकांकडे बोट दाखवलं, कारण तसं बोट दाखवणं आजकाल फार सोपं झालंय. बाबांचाही एक तर्क होता. बागेसाठी सोडलेली मोकळी जागा बळकावणाऱ्यांविरुद्ध काका बोलायचे, म्हणून त्यांना संपवलं. बाबा त्यावर पत्रक काढायला बसले.

आईनं कागदावर हात ठेवला. "का मारलं ते तुम्हाला ठाऊक नाय. उंबरा कुणी धुतला ते मला ठाऊक हाय. जे ठाऊक हाय ते छापा."

"असल्या घरगुती गोष्टीवर पत्रक निघत नसतं," बाबा म्हणाले. शेवटी बाबांचंही पत्रक निघालं नाही आणि आईनं सांगितलेलंही नाही.

माझ्या बापाच्या चळवळीवर माझा जीव आहे, पण त्या वाक्यावर मी अजून त्यांच्याशी भांडते. एका बाईचं नाव मातीत जाणं घरगुती कसं?

परवा काकू आईकडे आल्या. घर विकून सोयगावला जायचं म्हणतात. "मला नाय गं सोडायचं घर. पण दळण टाकायला गेलं तरी गिरणीत बाया गप व्हत्यात." त्यांच्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. पहाटे त्या एकट्याच उंबरा धुतात आणि दार लावून घेतात.

म्हणून हे मी आई आणि खालांना विचारून लिहिते आहे. खून का झाला, मला माहीत नाही. तुम्हाला खरंच काही माहीत असेल तर पोलिसांकडे जा. नसेल तर एवढं करा. हे नुसतं मोबाइलवरून पुढं ढकलू नका. ज्याच्या तोंडून काकूंबद्दल ऐकलंत त्याच्यासमोर उभे राहा, डोळ्यात बघा आणि सांगा: उंबरा शेजारणींनी धुतला, काकू तेव्हा एसटीत होत्या. मग संध्याकाळी आमच्या गल्लीत या, त्या ओट्यावर जरा टेका आणि आत हाक मारून चहा मागा. घराचा सौदा व्हायच्या आत या.