जावयाचं रक्त तपासायचं राहिलं

"तुमच्या नातीला थॅलेसेमिया मेजर आहे," सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. नात आठ महिन्यांची होती. या आजारात शरीरात धड रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवायचं, कायमचं. मला धक्का बसला नाही. ती जन्मण्याआधीच मला ही शक्यता माहीत होती.

गरोदर मुलींनी आणि त्यांच्या आयांनी वाचावं म्हणून लिहिते आहे.

माझी मीना तिसगावला, सख्ख्या आत्याच्या घरी दिलेली. आत्याचा दत्ता तिचा नवरा. पहिलटकरीण, उलट्या फार, म्हणून तिसऱ्या महिन्यातच मी तिला संगमनेरला आणून दवाखान्यात नाव नोंदवलं. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढेना. नमुना पुण्याला गेला. चौथ्या महिन्यात अहवाल आला: मीना कॅरिअर, म्हणजे वाहक. तिला स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढे जाऊ शकतो.

मीना बाहेर बसली होती. डॉक्टर मला म्हणाले, "जावयाला याच आठवड्यात आणा. तोही वाहक निघाला तर मुंबईत पोटातल्या बाळाची तपासणी होते. पाचव्या महिन्यानंतर कायद्याने गर्भपात करता येत नाही."

मी तिसगावच्या वाण्याच्या फोनवर नणंदेला, म्हणजे मीनाच्या सासूला, बोलावून घेतलं.

"आमच्यात कुनाचं रगात नासकं न्हाई, वैनी," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या माहेरचं बगा आदी! आन् दत्ता आत्ता न्हाई यायचा, कांदा काडायला आलाय. वटीला येनारच हाय की."

वन्सं आणि माझे यजमान सख्खी भावंडं. दोष एकाच घरातून मीना आणि दत्ता दोघांकडे आला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सातव्या महिन्यातल्या ओटीच्या यादीत मी लिहिलं: साडी, नारळ, फळं, जावयाचं रक्त. एका फेरीत दोन्ही कामं. मीनाला घाबरवायला नको, म्हणून सांगितलंच नाही.

ओटीभरण थाटात झालं. दुसऱ्या दिवशी दत्ताने तपासणीला रक्त दिलं. तोही वाहक.

"बाळाला आजार असण्याची चारात एक शक्यता," डॉक्टर म्हणाले. "आता वाट बघायची."

नात आज चार वर्षांची आहे. अनोळखी माणसांच्या रक्तावर ती खेळते. त्या सगळ्यांचे उपकार आहेत. मध्यंतरी तिला रक्त चढत असताना मीनाने विचारलं, "आई, तुला कधी सांगितलं होतं गं त्यांनी?"

"चौथ्या महिन्यात."

"मग ठरवायचं कुणी होतं?"



बायांनो, नाव नोंदवाल त्याच दिवशी नवऱ्याचंही रक्त तपासायला द्या. आणि आयांनो, अहवाल मुलीच्या हातात द्या.

मीनाला पुन्हा दिवस गेले आहेत. गेल्या आठवड्यात दोघं एसटीने मुंबईला जाऊन तपासणी करून आली. निकाल काय लागला, त्यांनी काय ठरवलं, मला सांगितलेलं नाही. मी विचारणार नाही.