आवाजासकट

थंडोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या मोटरसायकलींचा नाद असलेल्या मंडळींनी ते ठेवलं होतं, आणि उगाच ठेवलं नव्हतं. कुणाचीही गाडी बघायला गेले, की ते पहिल्यांदा हाताचा पंजा इंजिनावर ठेवत. इंजिन जरा कोमट लागलं तरी हात काढून घेत आणि खुर्ची ओढून बसत. "गार होऊ दे," एवढंच म्हणत. विकणारा मनातल्या मनात चरफडे. जुनी गाडी गारठलेली असली की पहिल्या किकला दाद देत नाही, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तिला गुपचूप एक चक्कर मारून आणायची, ही या धंद्यातली सगळ्यांना पाठ असलेली लबाडी. थंडोबांपुढे ती चालत नसे.

सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, हे गृहस्थ नव्याने नटवलेल्या जुन्या मोटरसायकलींचा भाव सांगत हिंडू लागले. स्वतःकडे साधी सायकलसुद्धा नव्हती. बसने जात, बसने येत. "आपली गाडी असली की माणूस दुसऱ्याच्या गाडीतही आपलीच शोधतो," असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणे, "यांना माझा भाव विचारलात, तर आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतील." त्यावर ते खरोखरच विचारात पडत, आणि ती आणखी वैतागे.

मुळात माणूस अतोनात चौकस. भाव सांगणं हे निमित्त. कुणी कुठे हात राखला, कुठे जीव ओतला आणि कुठे नुसता रंग फासून वेळ मारून नेली, हे हुडकण्यात त्यांना खरी गोडी. नियम मात्र एकच, नोकरीतून उचललेला. गाडी समोर जशी उभी आहे तसाच तिचा भाव करायचा. काल कशी होती, उद्या कशी होईल, ते धरायचं नाही. "आहे त्या स्थितीत," हे शब्द ते इतक्या वेळा म्हणत, की घरी भाजीत मीठ कमी पडलं तर बायको तेच ऐकवून ताट पुढे सरकवी.

त्या दिवशी त्यांना बोलावलं होतं एका भावा-बहिणीने. बहीण गाड्यांची सीटं शिवायची. भाऊ थोरला, दुसऱ्या गावी औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा, आणि बोलणं ऐकूनच ते कळायचं. वडिलांची मोटरसायकल घराच्या मागे ताडपत्रीखाली सडत पडली होती. वडील गेल्यावर बहिणीने ती आत ओढून घेतली आणि शिवणाचं काम उरकलं की रोज थोडी थोडी करत चार वर्षांत उभी केली. आता वाटणी व्हायची होती. थंडोबा सांगतील तो भाव धरायचा, बहिणीने त्यातला अर्धा भावाला द्यायचा आणि गाडी ठेवायची. तेवढे तिला जमले नाहीत, तर गाडी विकायची आणि पैसे वाटून घ्यायचे. तिला किती जमतील ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते फार नव्हते.

थंडोबा पोचले तेव्हा दोघं दारातच उभी होती. आत रेक्झिनचे गुंडाळे, चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास, कोपऱ्यात भलं मोठं शिवणयंत्र, आणि मधोमध ती गाडी. थंडोबांनी पंजा ठेवला. इंजिन गार होतं.

"काका, क्रोम बघा," भाऊ म्हणाला. "आरसा बघायची गरज नाही. आणि सीट? कंपनीतसुद्धा असं शिवत नाहीत."

"सीटची शिवण मागे जरा तिरकी गेलीय," बहीण म्हणाली.

"कुठे तिरकी? हिला काही कळत नाही, काका. हिचा हात सोन्याचा आहे."

"टाकीला आतून गंज होता. पुन्हा धरेल कदाचित."

थंडोबा गोंधळले. आयुष्यभर त्यांनी हे उलटं ऐकलं होतं. जिने गाडी केली तिने मिरवायचं आणि ज्याला पैसे मोजायचे त्याने नाक मुरडायचं, ही जगाची रीत. इथे करणारीच आपल्या कामाला नावं ठेवत होती, आणि भाऊ बहिणीचं असं कौतुक करत होता, जे बहुधा त्याने जन्मात कधी केलं नसावं. मग कोडं सुटलं आणि त्यांना हसू आलं. बिचारीला आपलंच काम वाईट ठरायला हवं होतं.

ते कामाला लागले. सीट काढून खालचा मूळ रंग बघितला. इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर जुळवला. दिव्याच्या टोपीत बोट घालून आत गंज आहे का ते चाचपलं. टाकीवरची सोनेरी रेघ हातानेच ओढलेली होती, आणि ओढणाऱ्याने श्वास रोखून ओढली असणार. जिथे कुणाची नजर जात नाही, तिथले नटसुद्धा घासून पुसून बसवले होते.  भाव चढत होता आणि तो चढवणारी समोर ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"सुरू करा," ते म्हणाले.

दुसऱ्या किकला इंजिन लागलं. आणि त्यासोबत डाव्या बाजूने एक आवाज. टक, टक, टक. टॅपेट सैल होता. झडपेला धक्का देणारा तो दांडा. त्यात केसभर जास्त फट राहिली, की असं वाजतं. भाऊ बोलता बोलता थांबला, खिशातून सिगारेटचं पाकीट काढत फाटकाबाहेर निघून गेला. भाव पडणार म्हणून तोंड उतरलं, थंडोबांनी मनात नोंद केली.

मग ते वाकले. वरच्या झाकणाच्या बोल्टवर पान्याची ताजी चकाकी होती. झाकण दोन-तीन दिवसांतच उघडलेलं. असली रेघ ओढणारी बाई हा आवाज राहू देईल? शक्य नाही. मुद्दाम सैल केला होता. आणि तोही बेताने, इंजिनाला इजा होणार नाही इतकाच. चोरी करतानासुद्धा तिला गाडीची काळजी. थंडोबांना तिचा राग आला आणि दयाही आली. पण लबाडी ती लबाडी.

"ताई, टॅपेट तेवढा जागेवर लावा," ते म्हणाले. "तुमच्याच हाताने."

तिची मान खाली गेली. "गार व्हायला हवं आधी," ती म्हणाली.

"आपल्याला कुठे घाई आहे," म्हणत थंडोबांनी खुर्ची ओढली.

चहा झाला. भाऊ परत येऊन दारात टेकला, पण त्याची टकळी बंद पडली होती. इंजिन निवल्यावर तिने झाकण उघडलं, फटीत पत्ती सरकवून माप घेतलं, पाना अर्धा फिरवला, झाकण लावलं आणि किक मारली. इंजिन कोपऱ्यातल्या शिवणयंत्रासारखं एकसुरी, मऊ चालू लागलं. थंडोबांनी डोळे मिटून ऐकलं. इतकं स्वच्छ इंजिन त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांनी आकडा सांगितला. मोठा होता.

बहिणीने इंजिन बंद केलं. भाऊ मात्र गाडीकडे बघत राहिला.

"तो आवाज कुठे गेला?" त्याने विचारलं.

"दोष होता तो, साहेब. काढला."

"दोष कसला. बाबांची गाडी होती ती." तो आत आला. "कोपऱ्यावर टकटक ऐकू आली, की आम्ही पत्ते गादीखाली सारून पुस्तकं उघडायचो. मघाशी वाजलं तेव्हा मला उभं राहवेना. चिमे, तू मुद्दाम केलंस ना ते?"

"गाडी झाली तेव्हा अशीच गप्प चालायची," बहीण म्हणाली. "सगळे म्हणायचे, झकास. मला मात्र ती कुणा तिसऱ्याचीच वाटायची. तू येणार म्हटल्यावर परवा टॅपेट सैल केला. म्हटलं, दादाने एकदा ऐकावं."

"आणि भाव पडावा म्हणून?" थंडोबांना राहवलं नाही.

"तेही मनात होतं, काका. खोटं कशाला बोलू? पण आधी ते नव्हतं."

थंडोबा ओशाळले. सगळं बरोबर बघून सगळं चुकीचं ताडलं होतं.

"आवाजासकट किती येतील?" भावाने विचारलं.

"बरेच कमी. दहा मिनिटांचं काम आहे, पण ऐकणारं गिऱ्हाईक बिचकतं. इंजिनच गेलंय असं धरून चालतं."

"मग सैल कर परत," भाऊ बहिणीला म्हणाला. "आणि काका, तुम्ही तोच भाव धरा."

"अहो, असं कसं? माझा नियम आहे..."

"आहे त्या स्थितीत. फोनवर चारदा सांगितलंत."

 इंजिन पुन्हा गार होईपर्यंत बसणं आलं, तेव्हा थंडोबा बसले आणि दुसरा चहाही घेतला. मग तिने पाना उलटा फिरवला. थंडोबांनी नवा आकडा सांगितला. तो ऐकून बहिणीने दादाकडे बघितलं, आणि तिला एकाएकी रडू फुटलं. त्याने तिच्या पाठीवर धपाटा घातला. "जा, चक्कर मारून ये."

ती गेली. भाऊ फाटकाला टेकला आणि त्याने सिगारेट पेटवली. थंडोबा शेजारी उभे राहिले. रस्ता बराच वेळ शांत होता. मग कोपऱ्याच्या पलीकडून टक, टक, टक ऐकू आलं, आणि केस पिकलेल्या त्या थोरल्या भावाने सिगारेट झटकन खाली टाकून बुटाखाली चिरडली.