वहिनीचे त्रेसष्ट प्राणी

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. कारखाना तिच्या धाकट्या दिराचा. तो वहिनी म्हणायचा, म्हणून मशीनवाले, पॅकिंगच्या बायका, माल न्यायला येणारे ड्रायव्हर, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. सोळा वर्षं तिनं तिथं खोक्यांचे आराखडे काढले. औषधांची खोकी, बल्बची, बुटांची, केकची. कॉम्प्युटरवर लाल रेघ म्हणजे इथं कापायचं, निळी म्हणजे इथं दुमडायचं. रेघ अर्धा मिलिमीटर हलली तरी हजारो खोक्यांची झाकणं आ वासून राहतात. वहिनीची रेघ कधी हलली नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारत, तेव्हा ती प्राणी करी. बुटाच्या खोक्याच्या उरलेल्या पुठ्ठ्यातून एकदा सहज हत्ती निघाला, आणि मग तिला वेडच लागलं. नियम तिचा तिनंच घातलेला: एकच कागद, गोंद नाही, पिन नाही. नऊ वर्षांत त्रेसष्ट प्राणी झाले, आणि प्रत्येकाचा आराखडा तिनं खोक्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये काढून ठेवला. दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावर तिचा जिराफ उभा होता. तो पाहून मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एक बाई घर शोधत आल्या. म्हणाल्या, “मला चाळीस प्राणी द्या, आपण पुस्तक काढू. मुलं कापतील, दुमडतील, खेळतील. महिन्याभरात फायली पाठवाल?”

“पाठवते की,” वहिनी म्हणाली. त्या दिवशी तिनं दोनदा साखर घातलेला चहा बाईंना दिला, आणि बाईंनी तो मुकाट्यानं प्यायला.

त्याच आठवड्यात दिरानं तिला केबिनमध्ये बोलावलं. “वहिनी, डिझाइनचं काम आता बाहेर देतोय. तुम्ही फार केलंत. आता घरी आराम करा.” एक घड्याळ आणि पुष्पगुच्छ देऊन तिची बोळवण झाली. तिला लागलं, पण पुस्तकाच्या नादात ती ते गिळून गेली. आराखड्याच्या त्या सॉफ्टवेअरचा कारखान्याचा प्लॅन तिच्यासाठी बंद झाला, म्हणून तिनं घरी बसून स्वतःपुरता वेगळा प्लॅन घेतला. ईमेल तोच, पासवर्ड तोच. फक्त आत जाताना त्यानं सहा आकडी कोड मागितला, आणि तो गेला दिराच्या मोबाईलवर, कारण सोळा वर्षांपूर्वी नंबर त्याचाच घातलेला होता.

तिनं फोन लावला. “भाऊजी, एक कोड आला असेल, तेवढा सांगा.”

“मीटिंगमध्ये आहे वहिनी, पाहतो.”

त्यानं वीस मिनिटांनी सांगितला. कोड दहा मिनिटांत मरतो. दुसऱ्यांदा त्यानं आधीचाच वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि म्हणाली, “ते आंघोळीला गेलेत, एवढं काय अडलंय?” चौथ्या दिवशी कुठे योग्य आकडे योग्य वेळी आले. वहिनीचा जीव भांड्यात पडला. दार उघडलं. आत पांढरंधोप पान होतं आणि त्यावर लिहिलेलं: अजून इथे काही नाही. चला, सुरुवात करूया!

तिनं कंपनीच्या मदत केंद्रात चॅट सुरू केलं. पलीकडची बाई भलतीच गोड होती. तुमचा त्रास आम्ही समजू शकतो, असं तिनं पाच वेळा लिहिलं. मग मुद्द्यावर आली. ईमेल एक असला तरी खाती दोन. कारखान्याच्या खात्यात काढलेलं सगळं कारखान्याचं. ते तुम्हाला परत द्यायचं की नाही, हे तिथले अ‍ॅडमिन ठरवतील.

“पण ते प्राणी मी माझ्या सुट्टीत केलेत,” वहिनीनं लिहिलं.

“कृपया आपल्या अ‍ॅडमिनशी संपर्क साधा. आजचा अनुभव कसा वाटला?”

अ‍ॅडमिन म्हणजे भाऊजी. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन कारखान्यात गेली. नवरा भूगोलाचा निवृत्त शिक्षक, नाकासमोर चालणारा माणूस. वाटेत दोनदा म्हणाला, “शांतपणे बोल हं. धाकटा आहे तो.” धाकटा एक्कावन्न वर्षांचा होता.

तिच्या खुर्चीवर कुरिअरची पाकिटं रचलेली होती. दिरानं चहा मागवला, भावाच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कॉम्प्युटर उघडला. शोधाशोध त्याला जमेना, तेव्हा वहिनीनंच उठून माऊस हातात घेतला. यादीत तिचं नाव करड्या रंगात होतं. समोर तारीख, तिला पुष्पगुच्छ दिला त्याच दिवसाची. त्यापुढे लिहिलं होतं: सदस्य काढला. फायली कायमच्या पुसल्या.

“हे कुणी केलं?”

दीर वाकून वाचू लागला. “हां, तुमचं नाव काढताना कॉम्प्युटरनं विचारलं होतं काहीतरी. फायली दुसऱ्या कुणाला द्यायच्या की पुसायच्या. मी म्हटलं कशाला पसारा, पुसून टाक.” मग एकदम घाबरून त्यानं दुसरा फोल्डर उघडला, भराभर खाली-वर केला आणि हुश्श करून मागे टेकला. “नाही नाही, खोकी आहेत सगळी. ती वेगळी ठेवलेली होती. खोक्यांना काही झालेलं नाही.”

“माझे प्राणी होते त्यात, भाऊजी.”

“प्राणी?” तो हसला. “अहो, ते कागदाचे? मला वाटलं तुमचं काय असणार त्यात! सांगायचंत ना आधी.”

“चार दिवस कोड मागत होते मी.”

“कोड मागितलात वहिनी. प्राणी नाही मागितलेत.”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा बशीतला चहा फुंकत होता. घरी येताना म्हणाला, “मुद्दाम नाही गं केलं त्यानं. तू काय, पुन्हा काढशील.”

तिला तेच सलत होतं, की त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. रागानं पुसलं असतं तर निदान काहीतरी पुसतोय एवढं तरी त्याला कळलं असतं.

कपाटांवरून, शेजारच्या मुलांच्या खेळण्यांतून, दातांच्या डॉक्टरांकडून तिनं जमतील तेवढे प्राणी परत आणले. नऊ मिळाले. ते उलगडून, पट्टी लावून तिनं नवे आराखडे काढले. बाकीचे हात आठवतील असं तिला वाटलं होतं. पण गेंड्याच्या कानामागे एक दुमड होती, ती काही केल्या सापडेना, आणि ती नसली की गेंडा डुक्कर दिसायचा. महिना संपला. पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या, “नऊ प्राण्यांचं पुस्तक होत नाही हो.” त्यांनी कागदी विमानांचं पुस्तक काढलं.

पुढल्या महिन्यात दिराच्या घरी जेवण होतं. वहिनी गेली नाही. नवरा एकटा गेला आणि परत येऊन म्हणाला, “सगळे विचारत होते. तो म्हणाला, आमच्या वहिनी कलाकार आहेत, लहरी असतात.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार?” असं म्हणत तो बुटाची नाडी सोडायला खाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.