बिनउन्हाच्या खोलीचा रंग

त्याला सगळे शेडकार्ड म्हणत. धंदा रंगाऱ्याचा, वय साठीला टेकलेलं, उंची शिडीवर चढल्याशिवाय कुणाच्या नजरेत न भरणारी. "इथे कुठला रंग द्यावा?" असं कुणी विचारलं, की तो भिंतीकडे बघायच्या आधी त्या माणसाकडे बघायचा आणि त्याच्या स्वभावापासून सुरुवात करायचा. लोक पुढच्या वेळी विचारायच्या फंदात पडत नसत. तो सांगेल तो रंग मुकाट्याने घेत. पंचाईत अशी होती, की तो चुकत नसे.

"देवाने जग रंगवलं तेव्हा भेगांत लांबी भरली नाही, प्रायमर मारला नाही, थेट रंग फासला," तो म्हणे. "म्हणून जिकडेतिकडे पोपडे. माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता." दवाखाने फिके हिरवे का असतात, याचंही उत्तर त्याच्यापाशी होतं. आत शिरतानाच आपण निम्मे गेलो आहोत असं माणसाला वाटतं, मग उरलेलं निम्मं जड जात नाही.

त्याची बायको रफू करायची. कोटाला कसर लागली, शालीवर ठिणगी पडली, पँट खिळ्यात अडकली, की लोक तिच्याकडे येत. तिच्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याची रिळं होती; नुसत्या काळ्याचीच अकरा. बघणाऱ्याला अकराही सारखी, तिला त्यांत सख्ख्या-चुलत भावांइतका फरक दिसे. बोलायची ती बेतानेच. घरातलं बोलणं नवरा एकटा उरकायचा.

इतकी वर्षं ती पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी बसली. मग सुनेला जुळं झालं. दोन पाळणे आणि त्यांच्या आवाजाला ती खोली पुरेना, तेव्हा रफूचा डबा आणि म्हातारा-म्हातारी मागच्या खोलीत आले. मागची खोली म्हणजे विहीर. खिडकी होती, पण ती दोन इमारतींमधल्या बोळात उघडायची; हातभर अंतरावर पलीकडच्या इमारतीची पाठ. ऊन तिथवर पोचतच नसे. उजेड यायचा तोही चार भिंतींना थडकून, दमून, परक्याच्या दारात उभा राहिल्यासारखा.

"इथे मी बसू?" बायको म्हणाली. "हात गारठतील माझे. जीवसुद्धा."

"आठ दिवस थांब. अशी खोली करतो, की ऊन पत्ता विचारत येईल."

अंधारी खोली म्हटली की लोक पांढरा मागतात. शेडकार्डला या खुळाची चीड होती. पांढऱ्याजवळ स्वतःचं काही नसतं, मिळेल ते तो परत देतो, आणि अशा खोलीत मिळते राख. नुसता पिवळा द्यावा तर बोळातल्या उजेडात तो हिरवट पडतो, कावीळ झाल्यासारखा. पिवळ्यात तांबड्याचे थेंब हवेत. किती, ते कुठल्या कार्डावर छापलेलं नसतं. त्याने पुठ्ठ्याचे मोठे तुकडे रंगवले, भिंतीला टेकवले आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ त्यांच्यापुढे बसून राहिला. एक काढून टाकला, "हा कारण नसताना हसतो." दुसऱ्याला म्हणाला, "हा सांत्वनाला आलाय." पाचवा पिकल्या जर्दाळूचा निघाला. भर ढगाळ दुपारी त्याने बायकोला त्या पुठ्ठ्याशेजारी बसवलं. तिच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं कुणीतरी उचलून नेल्यासारखी झाली.

"काय बघताय?"

"काही नाही. रंग सापडला."

चारही भिंती आणि छत, सगळीकडे जर्दाळूचे दोन हात मारले. खोली खरोखरच उबदार झाली. सून दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आम्हाला पुढची खोली देऊन तुम्ही फसवलंत." त्यानंतर महिनाभर शेडकार्ड घरात असा वावरला, जणू सूर्याला यानेच रजा मंजूर केली होती.

मग एक दिवस वकील आला. त्याच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर पडलेलं भोक शेडकार्डच्या बायकोने याच खोलीत रफू करून दिलं होतं.

"बाई, काय केलंत हे? न्यायाधीश साहेबांनी माझा मुद्दा ऐकलाच नाही. खांद्याकडेच बघत होते."

तिने कोट खिडकीशी धरला. "मला तर काही दिसत नाही."

"बाहेर या."

घराच्या पुढच्या दारात, लख्ख उजेडात, खांद्यावर रुपयाएवढं निळं बेट दिसत होतं. गर्द निळा दोरा, काळ्या कापडावर. तिने बोट फिरवलं. वीण नेहमीसारखीच सुबक होती. "डोळे गेले माझे," ती म्हणाली. "ठेवून जा. उसवून देते."

वकील गेल्यावर शेडकार्ड गुपचूप कोट घेऊन मागच्या खोलीत गेला. निळं बेट नाहीसं झालं. दारात आणला, उगवलं. चार वेळा त्याने ये-जा केली, आणि चारही वेळा कोटाने तीच साक्ष दिली. डोळ्यांचा काही दोष नव्हता. जर्दाळूने निळं गिळलं होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "होतं वयानं."

तोंडातून निघून गेलं ते. आणि एकदा निघाल्यावर तो त्याच्यावर तीन दिवस बसून राहिला, अंडं उबवावं तसा. तिसऱ्या दिवशी तिने हातातली रिळं टेबलावर ओतली आणि रिकामा डबा सुनेपुढे धरला. "बाळांच्या औषधांना होईल." सुनेने डबा घेतला. शेडकार्ड दारातून बघत होता.

पुढच्या सकाळी बायको लोकांचे कपडे रफू न करताच परत द्यायला गेली. त्याने राखाडी कालवला. साधा, बेचव; जन्मभर ज्याला तो सरकारी उदासी म्हणत आला तोच. ती परत आली तेव्हा छत आणि खिडकीची भिंत झाली होती.

"हे काय?"

"रंग देतोय."

"दिसतंय. तेवढे नाही गेले डोळे."

"गेलेलेच नाहीत." त्याने रोलर खाली ठेवला. "रंग चुकला माझा. त्या रंगात बसून निळा-काळा माझ्या बापालाही ओळखता आला नसता."

"कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. भिंतीने काही चुगली केली नसती. "वकील आला त्याच दिवशी."

"म्हणजे तीन दिवस मी आंधळी होते, आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

ती पलंगावर बसली. "मी सुनेच्या आईला सांगून बसले, आता मरायला मोकळी झाले म्हणून. मेलीने लगेच मान डोलावली."

त्याला हसू आलं. त्याने ते गिळलं. तिने टेबलावरून दोन रिळं उचलली, राखाडी भिंतीलगत धरली, पुढच्या दारापर्यंत गेली, परत आली.

"पलंगाकडच्या दोन्ही भिंती राहू द्या."

"अगं, त्यांचाही रंग दोऱ्यावर येईल."

"येत नाही, बघितलं आत्ताच. मी त्यांच्याकडे पाठ करून बसेन." तिने निळं रीळ बाजूला ठेवलं. "तुमच्याकडेही. थोडे दिवस."

तिने सुनेकडून डबा परत आणला, औषधाच्या वासासकट, आणि वकिलाचा खांदा उसवायला घेतला.

खोली आता निम्मी राखाडी, निम्मी जर्दाळूची आहे. कपडे घेऊन येणारा प्रत्येकजण वर बघतो, मग भिंतींकडे, मग रंगाऱ्याकडे.

"काय हो, रंग पुरला नाही?"

शेडकार्ड तोंड उघडतो. या प्रश्नावर त्याच्याजवळ तासभर पुरेल एवढं ज्ञान आहे. खिडकीशी पाठमोरी बसलेली बायको वळून बघत नाही, पण तिची सुई थांबते.

"चुकला होता," तो म्हणतो.

सुई पुन्हा चालू लागते.